दाव्याची लांबी

किगाली, गुरुवार

प्रिय बाबा,

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मागच्या वेळी मी दहा मिनिटं नव्या गाडीबद्दल बोललो आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "हो हो, मीठ संपलंय, ते आण," आणि फोन ठेवलात. म्हणून पत्र. कारोंगीच्या सकाळच्या बसवरचा गासोरे ते तुमच्या हातात देईल. चष्मा लावून सावकाश वाचा. शाळा मी आठवीत सोडली, पण अक्षरानं मला त्याच्या आधीच सोडलं होतं, हे तुम्ही जाणताच.

पहिली बातमी म्हणजे पिवळी गेली. न्याबुगोगोच्या बस अड्ड्यावरून वर चढताना तिनं मान टाकली. मागे एक बाई बसली होती, मांडीवर पिशवीत दोन कोंबड्या. गाडी थांबली तरी बाई उतरेना. "मी चर्चपर्यंतचं भाडं ठरवलंय," म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, गाडी मेली." तर म्हणते, "मग ढकल. मी काही जड नाही." आणि मी खरंच ढकलली, कोंबड्यांसकट. वर पोचल्यावर तिनं मला एक उकडलेलं रताळं दिलं आणि सांगितलं की तू मुलगा चांगला आहेस, पण गाडी बदल. मेकॅनिकनंही तेच सांगितलं, रताळं न देता. तुम्ही तर आधीच सांगितलं होतंत. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही अंगणात तिच्या टाकीवर तळहात ठेवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "दीड महिना. फार तर." बाबा, बरोबर दीड महिन्यानं गेली. कान गेल्यापासून तुमचा हात जास्त शहाणा झाला आहे.

मोटारसायकलची टॅक्सी चालवणाऱ्याची गाडी जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. आमच्या स्टँडवरचा न्दाहिरो कंपालाला निघालाय, त्याची पेट्रोलची गाडी तीनच वर्षं चाललेली, अंगावर ओरखडा नाही. ती घ्यायची, नाही तर विजेवरची घ्यायची. विजेवरचीत गाडी आपली, बॅटरी मात्र कंपनीची. ती उतरली की स्टेशनवर जायचं, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, चहा निवायच्या आत पुन्हा रस्त्यावर. रोजच्या खर्चात वीज स्वस्त पडते, हे तुम्हीही मान्य केलं होतंत.

तुमचं भांडण वेगळंच होतं. अंगणाखालच्या उतारावर आपली शेळी खुंटीला बांधलेली होती, तुम्ही काठी तिच्याकडे रोखलीत. "ती बघ. दावं जेवढं लांब तेवढाच तिचा मुलूख. संध्याकाळपर्यंत तेवढा गोल बोडका करते आणि मग ओरडत बसते. सत्तावीस वर्षं मी किगाली ते मोंबासा ट्रक हाकला, आणि माझा पोरगा बॅटरीच्या दाव्याला बांधून घेणार." आणि वर आणखी म्हणालात, "ज्या गाडीचं काळीज दुसऱ्याच्या मालकीचं, ती तुझी कशी रे?" मला ते पटलं होतं. गोमात मोबाईलची कव्हरं विकली, बुजुम्बुराला हॉटेलात भांडी घासली, म्वांझाला मासेमारीच्या होडीवर वर्षभर राहिलो. तिथला म्हातारा नावाडी रोज संध्याकाळी होडीला शिव्या देत तिचा तळ पुसायचा, एवढ्या सुंदर शिव्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. पण ते राहू दे. सांगायचं एवढंच, की मला कुठेही जायचं असलं की मी गेलो आहे, आणि हे तुमच्याकडूनच आलेलं आहे.

आता विजेच्या गाडीवर मी पहिल्यांदा बसलो तो दिवस. दीड वर्ष झालं. न्दाहिरोच्या भावाला ताप आला होता, त्यानं दिवसभरासाठी त्याची गाडी मला दिली. गाडीला आवाज नाही. सिग्नलला दोनदा वाटलं बंद पडली, आणि मी पाय मारून किक शोधत बसलो. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, "चालू कर की, उशीर होतोय." तोवर आम्ही अर्धा किलोमीटर पुढे आलो होतो. आणि मग उतार. तुम्ही मला गाडी शिकवताना पहिलं वाक्य हेच शिकवलंत, की उतार फुकटचा असतो, इंजिन बंद कर, तेल वाचव. तुम्ही ट्रकही तसाच सोडायचात आणि आई दोन्ही हातांनी सीट धरून बसायची. या शहरात उतारांना काय तोटा. प्रत्येक उतारावर माझा हात आपोआप किल्लीकडे जायचा आणि गाडी बंद. इतरांची बॅटरी दुपारपर्यंत चालली, माझी सकाळीच संपली.

स्टेशनवर बॅटऱ्या देणाऱ्या मुलीनं गाडीवरचा आकडा बघितला आणि विचारलं, "सकाळपासून कुठे गेला होतास, युगांडाला?" मी माझी हुशारी सांगितली. ती इतकी हसली की रांगेतले सगळे बघायला लागले. "उतारावर बंद करतोस? अरे, ही उतारावरच तर पिते. तू ब्रेक लावलास की चाकातून परत बॅटरीत भरतं. तू वासराला भरल्या थानापाशी नेतोस आणि तोंड बांधून परत आणतोस." तिच्या घरी गाई आहेत, ती सगळं गाईतच सांगते. तिचं नाव व्हेस्तिन.

दुसऱ्या दिवशी मी त्या स्टेशनवर गेलो. तिसऱ्या दिवशीही. पिवळी घेऊन. "पेट्रोलची गाडी घेऊन इथे काय करतोस, वाट चुकलास?" असं ती विचारायची आणि मी हवा बघायला आलोय म्हणायचो. तिथे हवा मिळत नाही. पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं आणि मला पेल्यात घट्ट आंबवलेलं दूध द्यायला लागली. गेले चार-पाच महिने ती बॅटऱ्या उचलत नाही. एकेक चांगली तांदळाच्या लहान पोत्याएवढी असते, आणि तिच्या ड्युटीच्या वेळी मी जाऊन उचलतो. इतर ड्रायव्हर म्हणतात, कंपनीनं याला फुकट नोकर ठेवलाय. म्हणू दे.

तुमचं ते काळजाचं वाक्य मी तिला सांगितलं. ती पावत्या फाडत होती. मान वर न करता म्हणाली, "पेट्रोल तरी कधी तुझं होतं? जाळलंस की गेलं. आणि काळीज दुसऱ्याकडे ठेवलं म्हणून कोणी मरत नाही." आणि पुढची पावती फाडली.

तरीही मी अडलो होतो, ते फक्त एका जागी, आणि ती जागा तुम्ही आहात. दर दुसऱ्या रविवारी साखर, मीठ, साबण बांधून पिवळीवर तुमच्याकडे यायचं, तळ्यावरचे बारके मासे खायचे, तुमच्या शिव्या खायच्या आणि परतायचं, हे गेली तीन वर्षं माझं कॅलेंडर आहे. मुहांगाच्या पुढे आमच्या कंपनीचं एकही स्टेशन नाही. पुढच्या डोंगरात बॅटरी तुमच्या कितीतरी अलीकडे संपते. मी नकाशावर बोटानं मोजून बघितलं, दोनदा. न्दाहिरोची गाडी घेतली असती तर आजही कारोंगीला आलो असतो, आणि कारोंगीच कशाला, तळ्याला वळसा घालून पार पलीकडे. खरं सांगतो, त्याच्या गाडीची किल्ली माझ्या खिशात दोन दिवस होती. बसल्या बसल्या ती बोटानं फिरवत होतो. आणि मला कळलं की मी तुमच्याकडे यायचा रस्ता मोजत नव्हतो, त्याच्या पुढचा मोजत होतो. हात स्वतःहून तसा जातो, उतारावर जायचा तसा. मी किल्ली परत केली. न्दाहिरो म्हणाला, "पस्तावशील." मी म्हटलं, "बघू." मंगळवारी विजेची घेतली. हिरवी आहे. मला भीती वाटत नाही, बाबा, आणि मी बांधलाही गेलो नाही. शेळीला दुसरं कोणी तरी खुंटीला बांधतं. मी खुंटी स्वतः ठोकली आहे, आणि कुठे ठोकायची तेही बघून.

मंगळवारीच का, ते सांगण्याआधी एक जुनी गोष्ट. माझ्या जन्मानंतर आठव्या दिवशी रीतीप्रमाणे गल्लीतली पोरं जेवायला बसली, प्रत्येकानं माझ्यासाठी एकेक नाव सुचवलं, आणि शेवटचं नाव ठेवायला बाप हवा तर तुम्ही सीमेवर कागदांच्या रांगेत ट्रक लावून बसला होतात. आईनं दिवेलागणीपर्यंत वाट बघितली आणि मग काकांनी नाव ठेवलं. काकांचं तेव्हा शेजाऱ्यांशी केळींच्या बांधावरून वाजलं होतं, म्हणून माझं नाव पडलं सिबोमाना, 'ते काही देव नव्हेत'. मी त्या शेजाऱ्यांना ओळखतही नाही. आयुष्यभर त्यांना उत्तर देत फिरतोय. याचा राग नाही, तुमचा ट्रक होता म्हणून आमच्या घरात डाळ होती. पण तुम्हीच एकदा, केळ्यांची बिअर दोन पेले जास्त झाल्यावर, म्हणाला होतात की तुमच्या मनात वेगळं नाव होतं, आणि कितीही विचारलं तरी ते सांगितलं नाहीत.

तर आता ऐका, म्हणजे वाचा. सोमवारी सकाळी साडेसहाला व्हेस्तिनला मुलगी झाली. मला मुलगी झाली. आपल्याला. दोघी बऱ्या आहेत. व्हेस्तिनच्या मामाकडे रीतीनं मागणी घालायला तुम्हाला आधी नेलं नाही, हे माझं चुकलं, आणि त्याबद्दल ओरडायला तरी तुम्हाला यावं लागेल. येत्या सोमवारी आठवा दिवस. पोरं जेवतील, पन्नास नावं ओरडतील, आणि शेवटचं नाव रीतीनं मी ठेवायचं. ते मी तुम्हाला देतोय. घ्यायला मी येऊ शकत नाही, माझं दावं तुमच्यापर्यंत पुरत नाही. आजवर मी येत होतो, आता तुम्ही यायचं. शनिवारी सगळीकडे श्रमदान आहे, दुपारपर्यंत बस सुटणार नाहीत, तेव्हा रविवारी निघा. गासोरेनं पुढची सीट धरून ठेवली आहे, त्याला वाटेत गिअर टाकायला शिकवू नका. न्याबुगोगोला मी हिरव्या गाडीवर उभा असेन. ती चालू आहे की बंद, तुम्हाला कळणार नाही, आणि हात ठेवायला तिला टाकीच नाही. तो हात घरी येईपर्यंत खिशात ऊबदार ठेवा. मग पोरीच्या पाठीवर ठेवा. तुमचा अर्धा तळहात पुरेल एवढीच पाठ आहे, पण रडते तेव्हा सगळी थरथरते. डोळे मिटा, आणि माझ्या वेळी राहिलेलं नाव सांगा.

तुमचाच,
सिबोमाना

ता. क. मीठ गासोरेकडे दिलं आहे.