पाहिलं, ऐकलं, वाटलं

प्रिय धाकट्या,

तुझं अभिनंदन करायचं राहून गेलं, ते आधी करते. वरच्या सभागृहात लेखकांसाठी जी जागा ठेवलेली असते तिथे तुझं नाव गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. फोटो चांगला आलाय. गृहमंत्र्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय आणि तू किंचित वाकून, तोंड मिटून हसतोयस. लहानपणी किडलेला दात आईपासून लपवायला तू असंच हसायचास. तुझ्या सचिवाचा निरोपही मिळाला. वेळ नाजूक आहे, शपथविधी उरकला की तू स्वतः माझ्याशी बोलशील, असं तो म्हणाला. तुला सचिव आहे याचंच मला कौतुक वाटलं. माझे फोन तू उचलत नाहीस ते बरंच करतोस, कारण फोनवर मी तुला शिव्या घातल्या असत्या. लिहिताना मला तेवढं भान राहतं.

आपलं वकिलीचं ऑफिस अजून तसंच आहे. बाबांची खुर्ची मी वापरते, तुझ्या टेबलावर जुन्या फायली चढल्यात, आणि ते एक पाय आखूड असलेलं स्टूल अजून कोपऱ्यात डुगडुगतंय. विसरला नसशील. कोणाचाही जबाब लिहून आणला की लिहिणाऱ्याला बाबा त्या स्टुलावर बसवायचे आणि एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, पाहिलंस, ऐकलंस की वाटलं? मग समासात पेन्सिलीने ‘पा’, ‘ऐ’ किंवा ‘वा’. ‘पा’ असलं तर वाक्य अर्जात जायचं. ‘ऐ’ असलं तर कोणाकडून ऐकलं त्याची उलटतपासणी व्हायची. ‘वा’ असलं की काट मारायची. माझ्या कागदांवर ‘ऐ’ फार असायचे, मला गप्पा मारायला आवडायचं म्हणून. तुझा समास ‘वा’नी भरून जायचा. एकदा बाबा वैतागून म्हणाले होते की तू वकील कसला, तू लेखक होशील. ते रागावून बोलले होते आणि तू तो आशीर्वाद समजून घरी गेलास.

शिवणवालीचं प्रकरण तुझ्या डोक्यात ताजं असेल, कारण तुझं सगळं बस्तान त्यावरच बसलंय. तरी क्रमाने लिहिते, मला तशीच सवय आहे. गोदामामागच्या पोलीस चौकीच्या आवारात पकडून आणलेल्या एका तरुणाला मारून मारून संपवलं, आणि तो भिंतीवरून पडला असं जाहीर केलं. वरच्या कुठल्यातरी खिडकीतून कोणीतरी ते चित्रित केलं होतं. ते सगळ्या राज्याने पाहिलं, सरकार पडलं आणि तेव्हाच्या गृहमंत्र्यांची खुर्ची गेली. ते चित्रण करून इतकं सगळं ज्या बाईच्या हातून झालं ती आपल्या ऑफिसात एवढंसं तोंड करून बसली होती. आपण गुन्हा केला का, एवढंच तिला विचारायचं होतं. बाबांनी तिला सांगितलं की या चार भिंतींतून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. तूही तेव्हा मान डोलावलीस. तूही तिचा वकील होतास.

त्या खिडकीतून खरंच काय दिसतं ते पाहायला मी एकदा तिच्या खोलीवर जाऊन आले. आल्यावर बाबांनी मला स्टुलावर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. निळा पडदा, त्याला पडलेली फाट आणि ती पांढऱ्या धाग्याने शिवलेली, खिडकीशी लावलेलं मशीन, तेलाचा वास, चौकीच्या भिंतीवर रोवलेल्या काचा. तू कोपऱ्यात बसून लिहून घेत होतास. शेवटी बाबांनी ते कागद फाडले, कारण ते कोर्टात द्यायचेच नव्हते. इतका चांगला मजकूर फुकट गेला म्हणून तू दिवसभर गाल फुगवून बसलास. तो फुकट गेला नव्हता, हे मला पुढे पुस्तकाच्या दुकानात कळलं.

पुस्तक चांगलं आहे. हे मी टोमण्याने लिहीत नाही. वकिली सोडून तू लिहायला बसलास तेव्हा मीच बाबांशी भांडले होते, त्याला करू दे म्हणून. पण सातवं प्रकरण मी परत परत वाचलंय. त्यात ‘मी’ नावाचा एक तरुण वकील अंधाऱ्या लाकडी जिन्यावरून चढून जातो, ती त्याला कान तुटलेल्या कपातून चहा देते, पदराने डोळे पुसत ‘मीच केलं’ म्हणते आणि मग तो तिच्या खिडकीपाशी उभा राहून खाली बघतो. लोकांना कप फार आवडला. एका समीक्षकाने जिन्यावर अर्धा लेख लिहिला. मला तिचं रडणं आवडलं, कारण ती बाई रडत नाही. तू तिचं नाव बदललंस, तिला विधवा केलंस, वय दहा वर्षांनी वाढवलंस, आणि पडदा निळाच ठेवलास आणि धागा पांढराच ठेवलास. तो काढला असता तर परिच्छेद लुळा पडला असता, हे मलाही कळतं. तुला भाषेचा कान आहे. फक्त एका बाजूला परिच्छेद होता आणि दुसऱ्या बाजूला एक बाई होती, आणि तुला फार वेळ विचार करावा लागला नसणार.

नव्या सरकारने पुस्तक डोक्यावर घेतलं. का घेणार नाही? जुन्यांची लाज त्यात छापून मिळत होती. तुझा सत्कार झाला तेव्हा याच मंडळींनी व्यासपीठावरून सांगितलं होतं की तो काळा सुरक्षा कायदा आम्ही रद्द करू. तुला आठवेल, त्या कायद्याविरुद्धचा अर्ज तू आणि मी मिळून लिहिला होता. कायदा रद्द झाला नाही. झालं काय, तर जुने गृहमंत्री आपली माणसं घेऊन नव्या सरकारात आले आणि त्याच दालनात त्याच खुर्चीवर येऊन बसले. मंत्रालयातला शिपाई सांगत होता की दारावरची पाटीही नवी करावी लागली नाही, अडगळीत जुनी सापडली. राज्यकारभारात काटकसर म्हणतात ती अशी. मग त्या गृहस्थांना निवांतपणे वाचायला वेळ मिळाला. त्यांनी तुझ्यावर राग धरला नाही, तुला मोठं केलं. रागवायला त्यांना दुसरं माणूस सापडलं होतं, आणि ते तूच शोधून दिलं होतंस.

पोलीस तिच्याकडे गेले तेव्हा एकाच्या हातात तुझं पुस्तक होतं, पानात बोट घातलेलं. खोलीत त्यांना काही मिळालं नाही. पडदा मिळाला, तो त्यांनी जप्त केला. त्याच काळ्या कायद्याखाली राज्याविरुद्ध कट केल्याचा आरोप आहे आणि पुरावा म्हणून सातवं प्रकरण आहे, दुसरं काहीही नाही. एका माणसाने तिथे जाऊन डोळ्यांनी पाहिलं आणि तिने स्वतःच्या तोंडाने त्याला सांगितलं, एवढ्यावर त्यांचा खटला उभा आहे. जामिनाच्या वेळी सरकारी वकिलाने ते प्रकरण वाचून दाखवलं. तू तिथे असायला हवं होतंस. त्याचा आवाज खर्जातला आहे आणि तो थांबतोही बरोबर जागी. टंकलेखिका बोटं थांबवून ऐकत होती, न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. तुझ्या नावाने ठेवलेल्या कुठल्याही कार्यक्रमात तुला अशी शांतता मिळाली नसेल. मग जामीन नाकारला, आणि आदेशात तुझं एक अख्खं वाक्य उतरवून घेतलं. बाबा एवढी वर्षं कोर्टात उभे राहिले, त्यांचं एकही वाक्य कोणी असं उचललं नव्हतं.

तिला मी दर आठवड्याला भेटते. आत सुई द्यायची परवानगी नाही, त्यामुळे तिच्या हातांना काय करावं ते कळत नाही. बोलताना ती ओढणीच्या कडेला चिमटीने दुमड घालत जाते, सोडते, परत घालते. बोटं सुजलीत. कोठडीतल्या दोघीजणी तिच्याशी बोलत नाहीत, कारण देशद्रोही बाईशी बोललं तर आपली शिक्षा वाढेल असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. गेल्या खेपेला तिने मला विचारलं, “ताई, त्यांनी माझ्यावर लिहिलंय ते चांगलं लिहिलंय का हो?” मी हो म्हटलं. “मग ठीक आहे,” ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं. मला त्या दिवशी तुझा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आयुष्यात कोणाचा वाटलेला नाही, त्या चौकीतल्या माणसांचाही नाही. ती माणसं निदान तिच्याशी गोड बोलली नव्हती.

बाबांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. नजर आता पूर्ण गेली आहे. सकाळी मी त्यांना वाचून दाखवते, आणि त्यांना तुझंच पुस्तक हवं असतं. शेजारी आले की ते उशीखालून काढून दाखवतात, बऱ्याचदा उलटं धरून. नाव आणि वय बदललंय म्हणजे ती बाई झाकली गेली, असं ते धरून चालतात. तिला अटक झाल्याचं त्यांना माहीत आहे, पण कशावरून झाली ते मी सांगितलेलं नाही. एकदा सातवं प्रकरण वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे चेहरा वळवला आणि सवयीने विचारलं, “पाहिलं, की ऐकलं?” म्हणजे तू हे पाहिलंस की ऐकलंस, असं. मी म्हटलं, पाहिलं, बाबा, तो नंतर स्वतः जाऊन आला होता. ते खुशीत मान हलवत राहिले. पोरगा शेवटी शिकला म्हणाले.

आता हे पत्र कशासाठी, ते. सरकारने तुला साक्षीला बोलावलंय हे तुला ठाऊक आहे. हे मी लिहिलं आणि ते खरं आहे, एवढंच म्हणायचं आणि घरी जायचं, असं त्यांनी तुला सांगितलं असणार. पुढे शपथविधी झाला की गृहमंत्री तिच्याकडे दयेने बघतील, हेही सांगितलं असेल, आणि तू ते मानलंही असशील, तुला वाटण्यावर विश्वास ठेवायची सवय आहे. तुझी उलटतपासणी मी घेणार आहे. बहीण म्हणून कोणी हरकत घेईल असं वाटलं होतं, पण सरकारी वकील हसला आणि म्हणाला, खुशाल घ्या. बाबांचा एक नेम होता, आपल्या माणसाला पिंजऱ्यात उभं करायचं झालं तर पहिला प्रश्न आधी कळवायचा. तो नेम मी पाळतेय. पहिला प्रश्न असा असेल, तुम्ही हे पाहिलंत, ऐकलंत की वाटलं? ‘ऐकलं’ म्हणालास तर मी खाली बसेन. ऑफिसात वकील म्हणून ऐकलेलं कोर्टात चालत नाही, आणि ती सुटेल. तुझं काय होईल तेही तुला कळतं. पुस्तकातला ‘मी’ खोटा ठरेल, अशिलाचा विश्वास विकल्याबद्दल तुझी वकिलीची सनद जाईल, आणि त्या जागेवर बसायला ते दुसरा लेखक शोधतील. त्यांना तो सहज मिळेल. ‘पाहिलं’ म्हणालास तर मी खाली बसणार नाही. तू त्या खोलीत कधी पाऊल ठेवलं नाहीस हे दाखवायला मला तुझीच एक ओळ पुरेशी आहे. ती कुठली ते लिहिणार नाही, कारण मी बहीण तुझी असले तरी वकील तिची आहे. ती ओळ घेऊन मी तुला सगळ्यांसमोर सोलून काढेन, सावकाश, आणि मला त्याचं वाईट वाटेल असं समजू नकोस. आणखी एक. बाबा येणार आहेत. मी नको म्हटलं होतं, पण मुलगा साक्ष द्यायला उभा राहणार म्हणून त्यांनी आतापासून कोट बाहेर काढून ठेवायला लावलाय. पहिल्या बाकावर बसवेन. माझा प्रश्न त्यांना लगेच ओळखू येईल. मागच्या वेळी त्यांनी तो विचारला तेव्हा तुझ्यासाठी मी खोटं बोलले. या वेळी उत्तर तुला द्यायचंय.

तुझीच, अजूनही,
ताई