पाचवं पिल्लू

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आले एकदाची! मासवणच्या पुढे रिक्षा सोडली, दोन पिशव्या आणि गादीची वळकटी घेऊन चढ चढले आणि उपकेंद्राचं कुलूप उघडलं. पुढची खोली दवाखान्याची, मागची माझी. ओटा आहे, मोरी आहे, खिडकीतून नुकतं कापलेलं भात दिसतं. आमच्या जतकडच्या माणसाला एवढं पाणी आणि एवढी झाडं बघूनच बरं वाटतं. खंडेराव, म्हणजे आमचे हे, तारापूरच्या एमआयडीसीत कामाला, बोईसरला खोली. ते रविवारीच येणार. म्हणजे आठवडाभर मी माझी राणी.

झाडलोटीला चिमी येते. गावातलीच, हाताला चलाख आणि तोंडाला त्याहून. तिचा मुलगा नवशा दिवाळी होताच वीटभट्टीवर गेलाय. सून प्रियंका बारा दिवसांची बाळंतीण आणि बाळ अवघं सोळाशे ग्रॅमचं. चिमीला म्हटलं, अर्चना सिस्टर आली आता, घोर सोड. सतरा वर्षांत कमी वजनाचं एकही मूल मी हातचं जाऊ दिलेलं नाही. लगेच प्रियंकाला बसवून शिकवलं: बाळ उघडं करायचं, आईच्या उघड्या छातीशी घ्यायचं, वरून फडक्यानं बांधायचं. आईच्या उबेनं वजन भरतं. पोरगी लाजून लाजून अर्धी झाली.

मागे पाण्याच्या टाकीखाली एक गाभण कुत्री असते. काळी म्हणतात तिला. गरीब आहे. माझ्या हातची चपाती खाऊन पायाशी येऊन बसली.

१९ नोव्हेंबर

काळी व्याली! पाच पिल्लं. बाळंतिणीला गूळ घालून पातळ भात दिला. चिमी हसत होती मला.

२१ नोव्हेंबर

शी, काय दिवस उगवला. सकाळी तोंड धुवायला मागे गेले तर चार पिल्लं मेलेली, टाकीबाहेर ओळीनं काढून ठेवलेली. काळीच्या तोंडाला रक्त आणि पाचव्याची मान तिच्या दातांत. मी किंचाळत धावले, खराट्यानं हाणली तिला, पिल्लू सोडवलं. आई म्हणायचं का हिला!

रेंजसाठी चढाच्या टोकाला जाऊन बोईसरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पहिलटकर कुत्री घाबरली की असं करते, पिल्लू वेगळं ठेवा, थोड्या थोड्या वेळानं दूध पाजा. काळीला साखळीनं पेरूला बांधून टाकलं. चिमी म्हणाली की सिस्टर, नको बांधू तिला, ती आई हाय, तिला समजतं. मी म्हटलं, चार पोरं मारली, तिला काय कपाळ समजतं!

पिल्लू तीनशे ग्रॅम, गारठलेलं. ऊब द्यायला इथे कोळशाची शेगडी नाही की मोठा दिवा नाही. बाळांना करते तेच केलं. छातीशी बांधलं, वरून स्वेटर.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे आले. स्वेटरातून शेपूट बघून हसून हसून लोळले. म्हणाले, या वयात लेकरू झालं की तुला! पिल्लाचं वजन पाचशे वीस. शाबास गं अर्चना. फक्त दूध घेत नाही. ड्रॉपरनं घातलं की तोंडाच्या कडेनं सगळं बाहेर. तरी वाढतंय, म्हणजे ऊब लागू पडली.

जाताना यांनी विचारलं, डोळे का असे ओढलेत. म्हटलं, बाळंतीण आहे मी, एवढं तर होणारच.

२५ नोव्हेंबर

फार दमायला होतंय. दवाखान्याच्या खोलीतून माझ्या खोलीत यायचं तर मध्ये टेकावं लागतं. चहा केला आणि प्यायचा राहिला.

काळी दिवसभर साखळी ताणून माझ्या दाराकडे बघत असते. भुंकत नाही, खात नाही. आचळांतून दूध गळून खालची माती ओली झालीय. तिचा संताप येतो आणि कीवही येते.

प्रियंका बाळाला वजनाला घेऊन आली. सतराशे नव्वद! एवढ्या दिवसांत हाच एक आनंद. मी बाळ उचलून छातीशी धरलं, तिथे बांधलेल्या पिल्लावरूनच. बाळ एकदम कळवळून रडलं. पिल्लू मात्र आजवर पहिल्यांदा अंग ताणून हललं.

२७ नोव्हेंबर

बाळ सोळाशे दहा. काटा तीनदा तपासला. ताप नाही, जुलाब नाही, अंगावर नीट पितंय. मी प्रियंकावर खेकसले, की बाळ बांधतच नसशील तू. रडत गेली बिचारी. असं मी कधी कुणाला बोलत नाही.

पिल्लू बाराशे. दूध अजून एक थेंब नाही.

काट्यावर उभी राहिले. आले तेव्हा एकसष्ट किलो होते. आज चौपन्न.

२८ नोव्हेंबर

चिमीला आज विचारलं, ती चार पिल्लं पुरताना तू बघितलीस का नीट. म्हणाली, दाताचा एक ओरखडा नाय. नुसती कातडी होती, आत कायच नाय.

म्हणजे काळीनं मारली नाहीत. मेलेली उचलून बाहेर ठेवली. रक्त होतं ते पाचव्याचं. चौघांच्या आतलं सगळं त्यानंच ओढलं. ती त्या एकालाच मारायला बघत होती— आणि मी खराट्यानं—

सतरा वर्षांची नर्स आणि मेलेलं बघितलंही नाही मी. थू माझ्यावर.

२९ नोव्हेंबर

सुटत नाही. फडकं सोडलं, तरी तिथेच. नखं कातडीत गेलीत. दुखत नाही, तेच भयंकर. ओढलं की डोळ्यांपुढे अंधार.

रेंज चढाच्या टोकाला येते. तिथवर जाववत नाही.

चिमीला खिडकीतून सांगितलं, बाळाला इकडे आणू नका. कारण सांगितलं तर वेडी ठरवेल, म्हणून तेवढंच बोलले. तिला वाटलं मी प्रियंकावर रागावलेय. म्हणाली, उद्या घेऊन येते, पाया पडायला लावते. नको नको म्हणेपर्यंत गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

यांची आज डबल पाळी, गेल्या रविवारीच म्हणाले होते. येणार नाहीत.

चिमी आणि प्रियंका बाळाला घेऊन पोचायच्या आत काय ते. रांगत पेरूपर्यंत— जमेल. साखळी सोडायची आणि उताणं पडून राहायचं. काळीच करेल. दुसरं कोण आहे—

३० नोव्हेंबर, नंतर

झालं. एकाच चाव्यात ओढून काढलं. मला दात लागू दिला नाही, केवढं जपून— माझी माय ती. पिल्लू अंगणात मरून पडलंय. मी कितीतरी वेळ रडले, मग चालत आत आले. चालत! थकवा गेला. एकदम गेला.

काळी जात नाही पण. दारात उभी. माझ्याकडे बघून गुरगुरतेय. का गं? झालं ना सगळं—

चढाच्या पायथ्याशी बाळ रडतंय. एवढ्या लांबचं ऐकू येतंय. वास पण येतोय.

लिहीत बसते. लिहितेय तोवर उठायचं नाही.

चिमीनं काठी मारून काळीला हाकललं. दार लावून घेतलं. आतून— उघड म्हणावं तिला—

प्रियंका पाया पडली. काळी दारावर अंग आपटतेय. चिमी विचारतेय, एवढं काय लिहिते सिस्टर. भूक लागलीय. केवढी भूक—

प्रियंका बाळाचं फडकं सोडतेय. म्हणतेय, माझ्या उबेनं नाय भरत, तुमी घ्या. नको म्हण. अर्चना, नको म्हण, नको—

म्हणाले नाही. हात पुढे