हम्मूचा डावा गाल

लाडक्या आईला तूदाचा सलाम,

आम्ही फेस शहरात सुखरूप पोहोचलो. खोली स्वच्छ आहे, जेवण झकास आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

माझं डोकं मात्र सकाळपासून तापलेलं आहे. हम्मू पुढच्या महिन्यात बेल्जियमला कामाला जाणार, म्हणून मला दोघांचा एक चांगला फोटो हवा होता. त्यासाठी मी अर्ध्या तासापुरता एक फोटोग्राफर ठरवला. त्याने पंचवीस मिनिटं मला एकटीलाच शहराच्या निळ्या वेशीपाशी उभं केलं. मग हम्मूला म्हणाला, "भाऊ, तोंड जरा तिकडे वळवा. गालावरचा डाग दिसतोय."

आणि पावाच्या भट्टीत गाल भाजून घेतलेला तुझा जावई मुकाट्याने भिंतीकडे वळला! आई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्याच भट्टीवर आमचं घर चाललंय," मी ओरडले. "तोच गाल पुढे हवा!"

"वेळ संपली, ताई. पुढचं जोडपं थांबलंय."

"थांबू दे! मी इथून हलणार नाही."

शेवटी त्या जोडप्यातली नवरीच म्हणाली, "काढा की हो, आम्हाला कसली घाई?" तेव्हा कुठे त्याने आमचा एक फोटो काढला.

तो सोबत पाठवतेय. त्यात मी भांडकुदळ दिसतेय, पण हम्मूकडे बघ. बेल्जियमचं तिकीट हातात आल्यापासून तो पहिल्यांदाच मनापासून हसलाय.

तो गेल्यावर थोडे दिवस तुझ्याकडे येऊन राहिले तर चालेल ना?

तुझीच,
तूदा