जीपचे लांब शॅकल

मितेश,

मी कराव्याला चाललोय, संध्याकाळी येईन.

माझ्या जीपला हात लावू नकोस म्हटलं होतं, तरी तू कमानपाट्यांच्या टोकांना लांब शॅकलच्या पट्ट्या लावून तिला दोन इंच उचललीसच. काम बरं केलंयस. पण गाडी जॅकवर असतानाच नट आवळलेस ना? चाकं जमिनीला टेकून पूर्ण वजन आलं की मगच आवळायचे असतात, नाहीतर रबराचे बुश फाटतात. मी ते सैल करून परत आवळलेत. आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीस, नाहीतर विचारलं असतंस.

एवढ्या उंचीवर माझा गुडघा चढत नाही, म्हणून किचनमधलं स्टूल गाडीत ठेवलंय. रविवारी माळशेजला निघताना हाक तेवढी मार.

बाबा