मायच्या डाव्या हातची पातोडी

८ जुलै, मंगळ.
माय मोरीत घसरली. उजवं मनगट गेलं. चिखलीला नेऊन प्लॅस्टर करून आणलं. दीड महिना हात हलवायचा नाही. घरी अमडापूरला येईपर्यंत माय एकच विचारत होती, "सैपाक कोन करीन?" माझी बायको माधुरी सकाळच्या बसनं चिखलीला मेडिकलवर कामाला जाते, येते दिवे लागल्यावर. पावसाळ्यात लग्नं नाहीत, म्हणून डीजे बंद, म्हणून मी घरी. उत्तर तिघांनाही माहीत होतं.

९ जुलै
वरण केलं. मायनं डाळीचा डबा उघडून पाहिला. "आज पंगत हाये का घरी?" आठवड्याची तूरडाळ एका दिवसात.

१२ जुलै
माधुरीनं शांतपणे समजावलं. सध्या तिचाच पगार. तेल पळीनं नाही, चमच्यानं. बाजारातून कांदे-बटाटे, बाकी जमेल तसं.
भिंतीपलीकडच्या शमीमआपांनी ऐकलं असावं. त्यांचं बांगड्यांचं दुकान, पण लक्ष सगळं आमच्या चुलीवर. म्हणाल्या, "सुनील, घरामागं तरोटा उगवला. भाजी पायाखाली तुडवून राह्यला न् बाजारात कायले जातं?"
तोडला. कोवळा पाला घ्यायचा असतो हे नंतर कळलं. माय चावत राहिली. म्हणाली, औषध म्हणून चांगली हाये.

१८ जुलै
भाकर थापता येते. उलटता येत नाही. तुकडे कढीत टाकले, त्याला नाव दिलं नाही. माधुरीनं डबा संपवून आणला.

२३ जुलै, बुध.
पातोडीचा रस्सा! माय खाटेवरून सांगत गेली. बेसन घट्ट शिजवून ताटात थापलं, वड्या पाडल्या. कांदा विस्तवावर भाजला. सुकं खोबरं जरासं, बाकी शेंगदाणे. खसखस घेतलीच नाही. वड्या रश्श्यात सोडल्या. असा वास की मीच दोनदा झाकण काढून पाहिलं. मायनं वाटी पुसून खाल्ली. काही म्हणाली नाही, म्हणजे जमलं.

२४ जुलै
घोटाळा. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने माय मटण सोडते, तसं विहारात सगळ्यांसमोर सांगितलंय. आज संध्याकाळी ग्रंथवाचनाला गेली तर सुमनकाकू म्हणाल्या, तुमच्या घरून काल मटणाचा वास आला. मायनं सांगितलं, पातोडी होती. मग पुढचा प्रश्न आलाच. हात प्लॅस्टरमध्ये, सून चिखलीला, केली कोणी?
"म्या केली. डाव्या हातानं."
घरी येऊन हे तिनंच सांगितलं, भिंतीकडे पाहत. मी विचारलं, खोटं काऊन बोलली?
"मंग काय सांगू? डीजेवाला पोरगा मसाला वाटते म्हनू?"
खरं म्हणजे मलाही बरंच वाटलं. वरातीत मला बॉस म्हणणारी पोरं याच गल्लीतली.

३० जुलै
डावा हात गावभर झाला. सकाळी सुमनकाकू शिकायला हजर. मी कोपरापर्यंत बेसनात. मायनं माझ्या हातातून पळी ओढली, मी कोपऱ्यात वायरी सोडवत बसलो. माय डाव्या हातानं हलवतेय, निम्मं बेसन विस्तवात. काकू पातेल्याकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होत्या.
"याच्या हाताले काय झालं?"
"खाज हाये त्याले. पीठ लावून देल्लं."

३१ जुलै
काकूंनी कडुलिंबाचा पाला पाठवला. पानटपरीवर दोघांनी हात मिळवला नाही.

५ ऑगस्ट
पौर्णिमेला विहारात भोजन. बेसन घराघरातून, पातोडी मायनं करायची. माय हो म्हणून आली. माधुरी हसत हसत खालीच बसली. मग एकदम गंभीर. "मी तर पयल्या दिवसापासून दुकानात सांगते, डबा माह्या नवऱ्यानं केला. लाज तुमालेच वाटून राह्यली. मायलेकाले."
आम्ही दोघांनी ताटं पुढं ओढली.

९ ऑगस्ट, शनि. पौर्णिमा
ठरलं होतं की घरी करून न्यायचं. एवढं पातेलं चुलीवर बसेना. मग विहारामागं विटांची चूल. माय स्टुलावर, हातात मोठा कालथा, भोवती बायका. मी माइकच्या वायरी घेऊन दाराशी.
दोनदा ढवळलं तिनं. तिसऱ्यांदा कालथा फिरलाच नाही. बेसन बुडाला धरायला लागलं, वास माझ्यापर्यंत आला. मी वायरी धरून दाराशीच. आता लिहितानाही लाज वाटते.
माय उठून उभी राहिली. "मले नाही येत ह्या हातानं. पोरगंच करते. रोज तेच करते. सुनील, ये बापा, लागून राह्यलं."
मग सुमनकाकू, "अन् मंग ते खाज?"
असं हसले लोक. मी कालथा घेतला. पोरांनी व्हिडिओ काढले. रस्सा शेवटच्या पंगतीला पुरला नाही, त्यांनी खिरीवर भागवलं. माय सगळ्यात शेवटी जेवली आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, मीठ कमी हाये.

२१ ऑगस्ट
प्लॅस्टर काढलं. मनगट बारीक झालंय. डॉक्टर म्हणाले, ताकद हळूहळू येईल.

२२ ऑगस्ट
मी उठायच्या आधी माय चुलीपाशी. "बाजूले सर, आता माहं काम मले करू दे." सरलो. दिवसभर काय करायचं कळेना. स्पीकर पुसले. पुसलेलेच होते.

२४ ऑगस्ट, रवि.
कालचा माधुरीचा डबा अर्धा परत. भूक नव्हती म्हणाली. मी चाखून पाहिलं. बेसनात गाठी. पूर्वी मायच्या हातचं असं कधी नसायचं. मनगट घोटू देत नाही तिला. मायनं मला बाजूला घेऊन विचारलं, पोरीची तब्येत बरी नाही का?

२६ ऑगस्ट
डीजेच्या मालकाचा फोन. उद्यापासून गणपती, ट्रॉली तयार, येतो ना? एरवी त्याचं वाक्य संपायच्या आत मी गाडीत बसतो. आज म्हणालो, संध्याकाळी सांगतो. तो म्हणाला, घरी काय काम हाये तुले?
संध्याकाळी मायनं पातोडी केली. आमची ताटं वाढली, स्वतःचं घेतलं नाही. मनगट चोळत समोर बसली. माझ्याकडे बघितलंच नाही, नजर सारखी माधुरीच्या हातावर.
"कशी झाली?"
माधुरीनं घास गिळला. पाणी प्यायली. माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मालकाचा फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो पालथा ठेवला आणि मायसाठी ताट घ्यायला उठलो.