कंपनीत विचारलेला प्रश्न

२० नोव्हेंबर
ओसीच्या, म्हणजे वाणिज्य संघटनाच्या, प्रोजेक्टचे विषय मिळाले. वैद्य मॅडमनी हजेरीप्रमाणे वाटले, कुणाला निवडू दिलं नाही. सेजलला विपणन. ती खूश, तिच्या पप्पांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे, घरबसल्या होईल तिचं. मला व्यवसायाची सामाजिक जबाबदारी.
मॅडमना आमच्या घरचं ठाऊक नसणार. असतं तर दिला नसता.

२२ नोव्हेंबर
धड्यात जबाबदाऱ्या गटागटाने आहेत. मालक, ग्राहक, सरकार, कर्मचारी. पाठ व्हावं म्हणून कर्मचाऱ्यांचं मोठ्याने वाचत होते. कामाची जागा सुरक्षित हवी, आरोग्याची काळजी घ्यायला हवी, असं सगळं. बाबा खाटेवर उशांना टेकून ऐकत होते. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नाही, झोपतातही बसूनच. म्हणाले, "परत वाच गो." परत वाचलं. मग खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. आई गॅस बंद करून धावत आली. मला म्हणाली, "भायेर जाऊन कर तुझा अभ्यास."
बाहेर पायरीवर बसले. पुढचा गट 'समाज'. वाचला नाही.

२७ नोव्हेंबर
सेजलने विचारलं, नक्की काय झालं होतं गं? आत्तापर्यंत कुणाला धड सांगितलं नव्हतं. सांगितलं.
गणपतीच्या आधी. एमआयडीसीतल्या कंपनीत टाकी साफ करायला बाबा उतरले. आत वायू साठलेला. खालीच कोसळले. त्यांना काढायला महादेवकाका तोंडाला गमछा बांधून उतरले, नाते गावचे, बाबांचे जोडीदार. त्यांनी बाबांना वर ढकललं. बाबा निघाले. महादेवकाका नाही निघाले.
डब्यातली पोळी तशीच ठेवली सेजलने. मला उगाच वाटलं, सांगायला नको होतं.

३० नोव्हेंबर
आईने बाबांना सवला न्यायचं काढलंय. गरम पाण्याच्या कुंडावर बसवलं की छाती मोकळी होईल म्हणते. डॉक्टर म्हणाले होते, वाफ अजिबात नको. आई म्हणते, "डॉक्टरनं तरी काय बरा केला?"

४ डिसें.
औद्योगिक भेट ठरली. कुठे ते मॅडमनी सांगितलं आणि सेजलने वळून माझ्याकडे बघितलं. बाबांचीच कंपनी. म्हणजे बाबांची कुठली, बाबा ठेकेदाराचे. गेटपासच वेगळ्या रंगाचा असायचा.
मधल्या सुट्टीत मॅडमना गाठलं. "अगं, त्यात तुझे वडील होते?" खुर्चीत बसल्याच त्या. म्हणाल्या, "तू नको येऊस. मी मार्क कापणार नाही."
मी म्हटलं, येते.
का म्हटलं कोण जाणे. ती जागा एकदा बघायची होती बहुतेक.

५ डिसें.
सुरेशकाकाला कळलं. बाबांचा धाकटा भाऊ. बाबांनीच त्याला त्याच ठेकेदाराकडे चिकटवलं, अजून तिथेच जातो. राहतो आमच्याकडे, काकी आणि पोरं वर गावी, कुडपणला, नाचणी-वरी बघतात. चपला घालता घालता म्हणाला, "जा. पण गप ऱ्हायचा. मला रोज जायचा हाय तिथं."
हो म्हटलं.

११ डिसें.
जाऊन आले.
गेटवर सगळ्यांना हेल्मेट. आत बाग, गुलाब लावलेत. जागोजागी सुरक्षेचे बोर्ड. टाक्यांकडे नेलंच नाही, लांबून दाखवल्या. कुठली ती मला कळली नाही. सगळ्या सारख्याच. मग एसी हॉल, प्रत्येकाला समोशाचा बॉक्स, आणि एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत बोलले. गोड बोलत होते. शेवटी म्हणाले, मागे एक दुर्दैवी घटना घडली, दोन कामगारांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मास्क असून लावले नाहीत. तुम्ही उद्याचे व्यवस्थापक, यातून शिका. कुणाला काही विचारायचंय?
मी उभी होते. उठल्याचं आठवत नाही.
"सर, मास्क दिला होता का?"
"अर्थात."
"मग जे काढायला उतरले ते तोंडाला गमछा बांधून का उतरले?"
मॅडमनी माझं नाव घेतलं, हळूच. साहेब हसत होते अजून. "हे तुला कुणी सांगितलं बाळ?"
"वर आले ते माझे वडील."
समोसे खायचा आवाज बंद झाला. साहेबांनी नाव विचारलं. मी सांगितलं. आडनावासकट सांगितलं. तेव्हा डोक्यात आलंच नाही की ते आडनाव काकाचंही आहे.

१२ डिसें.
काका दुपारीच परत. गेटवरून फिरवलं. "सध्या काम नाय, कळवू." ठेकेदार समोर आलासुद्धा नाही.
आईला वाटलं बरं नाही म्हणून आला. त्याने सांगितलं तेव्हा तिने त्याचा भरलेला डबा हातातून काढून घेतला. काका माझ्याशी शांतपणे बोलला, तेच लागलं. "आता मार्क भेटतील ना गो तुला? पैकीच्या पैकी?"
बाबा भिंतीकडे बघत होते.

१६ डिसें.
वैद्य मॅडमना प्राचार्यांनी बोलावलं. यापुढे भेटी बंद. तासाला मॅडमनी माझ्या बाकाकडे बघितलंच नाही. सुटल्यावर सायकल स्टँडपाशी थांबल्या होत्या. "प्रश्न बरोबर होता तुझा. पण मी तासिकेवर आहे गं, पक्की नोकरी नाही, पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही ते त्यांच्या हातात." मग म्हणाल्या, प्रोजेक्टचा विषय बदल, ग्राहक संरक्षण घे.
त्यांचा राग करावासा वाटला. आला नाही.

२ जाने.
काका मुंबईला गेला. गाववाल्याच्या ओळखीने वॉचमनचं काम. जाताना बाबांच्या पाया पडला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अभ्यास कर." त्याचा पलंग मला मिळाला. झोपवत नाही त्यावर.

८ जाने.
बाबांच्या तपासणीचा दिवस. कंपनीची गाडी येते दरवेळी. आली नाही. ड्रायव्हर फोन उचलेना. आई पदर सारखा करून दारात उभी, गाडी वळली का बघत. शेवटी रिक्षाने नेलं. खड्डा आला की बाबा माझा दंड घट्ट धरत. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. मग विचारलं, यापुढचं कंपनी बघणार आहे ना? आईने माझ्याकडे बघितलं.

१० जाने.
बाबांनी आपणहून विचारलं, "काय बोलला तो साहेब?"
सांगितलं. मास्क होते, यांनी लावले नाहीत, असं.
ते उशीला धरून जरा सरळ झाले. मग, "नव्हते. मागितले तर ठेकेदाराची मानसं बोलली, पाच मिनटाचा काम हाय, उतर. महादेव वरून शिव्या घालत होता त्यांना."
"हे सांगितलंत कुणाला?"
"दवाखान्यात आला होता साहेब. बोलला, इलाज आमी करू, तू नुसता पडून ऱ्हा. मी मान हलवली." थांबले. "नळी होती गो तोंडात. पन नसती तरी हलवली असती."
मी ओसीचं पुस्तक उघडून बसले. एक ओळ वाचली नाही.

१८ जाने.
नाते गावाहून सुनंदाकाकी आल्या. महादेवकाकांची बायको. त्यांच्या शेजारची मुलगी माझ्या वर्गात, तिच्याकडून सगळं कळलेलं. चहा घेतला नाही.
बाबांसमोर खाली बसल्या. "भावजी, मी काय मागाय नाय आले. सोमवारी महाडात कामगार अधिकाऱ्यासमोर जायचा हाय. कंपनी बोलते त्याचीच चूक. तुमी तिथं होतात. दुसरा कोन होता?"
आईच बोलली. "त्यांना बोलून दम लागतो. आमचा मानूस कसाबसा जिता हाय बाय, ऱ्हाऊ दे त्याला."
"जिता हाय तो माझ्या मानसामुळं."
आई आत गेली. भांडी आपटायचा आवाज नाही, रडायचा नाही, काहीच नाही.
काकी निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरगी इचारू शकते," एवढंच म्हणाल्या. बाबांकडे बघून नाही म्हणाल्या. पण बाबांनी ऐकलं.

१९ जाने.
काकाचा मुंबईहून फोन. ठेकेदाराने निरोप दिलाय, होळीनंतर परत घेतो, घरच्यांनी तोंड बंद ठेवलं तर. बाबांची गाडी पण चालू होईल. "तिकडं रूमवर आठ जण झोपतो दादा," म्हणाला. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं.
बाबा हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. मी काही विचारलं नाही. मला आता विचारायची भीती वाटते.

२१ जाने., रविवार
उद्या पूर्वपरीक्षेचा ओसीचाच पेपर. सेजल म्हणते, डोक्यातून सगळं काढ आणि लिही. तिला सोपं आहे. नाही, तिलाही असेल काहीतरी.
संध्याकाळी बाबांनी आईकडे इस्त्रीचा शर्ट मागितला. आईने विचारलं, कशाला. बाबांनी नुसता हात पुढे केला. तिने काढून दिला.

२२ जाने.
जिन्यात बसून लिहितेय. पेपर सुरू झाला असेल. मॅडम माझा बाक रिकामा बघत असतील.
सकाळी रिक्षा बोलावली तेव्हा बाबांनी कुठे जायचं ते ड्रायव्हरला सांगितलंच नाही. कॉलेजच्या वळणावर मला म्हणाले, "तू उतर, तुझा पेपर हाय." मी उतरले नाही. मग त्यांनी पत्ता सांगितला, कामगार ऑफिसचा.
ऑफिस वरच्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात बाबांचा दम संपला. इथेच बसलेत, कठड्याला कपाळ टेकून. सुनंदाकाकी वर दाराशी उभ्या. शिपाई दोनदा डोकावून गेला, अधिकारी थोड्या वेळाने निघतील म्हणाला. काकी खाली आल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या.
आई घरी. येताना दारात आली नव्हती.
बाबांच्या खिशातला फोन वाजतोय. त्यांनी काढून बघितला. काकाचं नाव. उचलला नाही, कापलाही नाही, तसाच हातात धरलाय. वाजून वाजून बंद झाला.
परत वाजतोय. बाबांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवलाय, उठायला की मला अडवायला ते कळत नाही. वही मिटते, त्यांना धरायला हवं.