आत्याचं छप्पर

न्यू टाउन, कोलकाता

प्रिय वैदेहीताई,
नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

आत्याच्या छपराचं काम थांबवू नकोस. नवीन गाडीमुळे माझा हात आखडला होता, म्हणून इथल्या एका ट्रस्टकडे गेलो. ते निराधार वृद्धांनाच मदत करतात. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, “त्यांना कोणीच नाही?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग तुम्ही कोण?”

“त्यांचा जुना शेजारी.”

आई गेल्यावर आपल्याला वाढवलं तिनं, ताई.

काल आत्याचा फोन आला. “गल्लीभर सांगितलं, माझा अजिंक्य छप्पर घालतोय!”

आज जाऊन त्या गृहस्थांना खरं सांगितलं. त्यांची मदत नको म्हणालो. गाडी विकायला काढली आहे.

आत्याला एवढ्यात सांगू नकोस. दिवाळीला येऊन मीच सांगेन.

तुझा,
अजिंक्य